चोवीस आणि सेहेचाळीस

वृत्तिवेध केंद्राच्या अभिलेख-कक्षात वैजयंती निकमने कानाला श्रवणिका लावली आणि सेहेचाळीस क्रमांकाची नोंद सुरू केली. सेहेचाळीस हा तिचा शाळेतला हजेरी-क्रमांक, म्हणजे ही तिची स्वतःची नोंद, बारा वर्षांपूर्वीची. चाचणीआधी प्रत्येक विद्यार्थ्याने आपले नाव मोठ्याने सांगायचे, अशी पद्धत होती. दहावीतला आपला चिरका आवाज ऐकून जरा हसायचे आणि मग कामाला लागायचे, एवढाच तिचा बेत होता.

"सुदाम दगडू सानप," नोंदीतून एक मुलगा म्हणाला.

वैजयंतीने क्रमांक पुन्हा तपासला. सेहेचाळीसच होता. सुदाम तिच्याच वर्गातला, त्याचा हजेरी-क्रमांक चोवीस, हे तिला पक्के आठवत होते, म्हणून तिने चोविसावी नोंद लावली. "वैजयंती रमेश निकम," असे तिचाच आवाज म्हणाला, आणि तो खरोखरच चिरका होता. पण हसू काही आले नाही.

पुढचे दोन तास तिने वर्गातल्या अठ्ठावन्नही नोंदी ऐकल्या. मग जे कळले ते इतके साधे होते, की एखाद्या शाळेच्या कारकुनाने ते चहा पिता पिता सांगितले असते. केंद्राने मुलांना वर्णानुक्रमाने बसवले होते, मुलगे-मुली एकत्र. शाळेच्या हजेरीपटावर मात्र एकतीस मुलगे आधी आणि सत्तावीस मुली नंतर. त्या पहिल्या वर्षी खासगीपणाचा फार बाऊ करून वेधपत्रांवर, म्हणजे चाचणीच्या निकालपत्रांवर, नावे छापलीच नव्हती, नुसते क्रमांक होते. वर्गशिक्षक घुगे सरांनी गठ्ठा उघडला आणि हजेरी घ्यावी तशी पत्रे वाटून टाकली. केंद्रातल्या शहाण्यांना हजेरीपट ठाऊक नव्हता आणि सरांना केंद्राची यादी. एक अहिरे तेवढा दोन्हीकडे पहिला होता. बाकी सत्तावन्न जण दुसऱ्याचे वेधपत्र घेऊन घरी गेले आणि त्यावर आयुष्य बेतून मोकळे झाले.

ती उठली आणि संचालिका डॉ. निरुपमा शेवडे यांच्या खोलीत गेली. वृत्तिवेध ही शेवडे मॅडमची निर्मिती. डोक्याला मस्तकजाळी लावून चाळीस मिनिटे वेगवेगळी कामे करायला द्यायची आणि मेंदू कोणत्या कामाने किती थकतो त्याची श्रमरेषा काढायची. ज्या कामाने तो सर्वांत कमी थकतो ते 'योग्य', ज्याने सर्वांत जास्त थकतो ते 'वर्ज्य'. दोन ओळींचे वेधपत्र दहावीच्या मुलाच्या हातात पडले, की त्याने पुढे काय व्हायचे हा घरातला वाद मिटे. येत्या जूनपासून अकरावीचे प्रवेश वेधपत्रानुसारच होणार होते. सोळा लाख मुलांना ते बंधनकारक होणार होते आणि सोमवारी सरकारी समिती त्यावर शेवटची मोहोर उठवणार होती. समितीपुढचा अहवाल वैजयंतीच लिहीत होती, कारण ती केंद्राची प्रमुख संख्याशास्त्रज्ञ होती.

"मॅडम, वेधपत्र मिळालेल्यांपैकी किती जण आज आपल्या कामात समाधानी आहेत?"

"एक्याण्णव टक्के. तूच काढलेला आकडा ना?"

"आमच्या वर्गात अठ्ठावन्नपैकी त्रेपन्न. तेही एक्याण्णव टक्केच. पण आमच्या वर्गात एक सोडून सगळ्यांना चुकीची पत्रं गेली होती." तिने सगळे सांगितले. "ज्याला स्वतःचं पत्र मिळालं तो अहिरे मात्र असमाधानी पाचांमध्ये आहे."

शेवडे मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे यंत्र खोटं बोलतं, असं तुझं म्हणणं आहे?"

"नाही. पंधराव्या वर्षी कोण कशानं थकतं, ते यंत्राला बरोबर कळत असेल. पण पुढचं यंत्र ठरवत नाही, कागद ठरवतो. कागद आला की शिक्षक त्याच विषयाला जास्त वेळ देतात, आईवडील त्याच वर्गाला घालतात, नोकरी देणारे तेच पत्र मागतात. बारा वर्षं सगळे एकाच दिशेनं ढकलत राहिले, तर माणूस तिथं पोचतो आणि त्याला ते आवडायलाही लागतं. आपण इतकी वर्षं मुलांचा कल मोजतोय असं समजत होतो, आणि मोजत होतो त्यांचा आज्ञाधारकपणा."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी हळूच विचारले, "तुझं खरं वेधपत्र काय सांगतं?"

हा प्रश्न येणार हे वैजयंतीला माहीत होते, तरी तिचे कान तापले. "योग्य, माणसांची सेवा. वर्ज्य, अंक आणि अनुमान."

"मग नियम सात काय म्हणतो?"

नियम सात वैजयंतीनेच लिहिला होता, तोही मोठ्या ऐटीत. ज्याच्या मूळ श्रमरेषेत अंक वर्ज्य आहेत, त्याचे अनुमान ग्राह्य धरू नये. ते धरायचे झाल्यास केंद्राबाहेरच्या, मूळ श्रमरेषा अंकांची असलेल्या व्यक्तीने तपासून सही करावी. त्या नियमाने तिने आजवर अकरा जणांचे निष्कर्ष केराच्या टोपलीत टाकले होते. त्यांपैकी एकाचेही गणित तिने उघडून पाहिले नव्हते.

"वैजयंती, मला हे दडपायचं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "पण नियमाबाहेर गेले तर समिती कागद बघणारसुद्धा नाही. सोमवारच्या आत अशी सही आण."

सही कुणाची आणायची याचा विचार करावा लागला नाही. सेहेचाळिसाव्या नोंदीतली अंकांची श्रमरेषा इतकी सपाट होती, की तशी तिने नोकरीच्या सहा वर्षांत पाहिली नव्हती.

रविवारी सकाळी ती इगतपुरीजवळच्या वृद्धाश्रमात पोचली. सुदाम सानप तिथे मुख्य सेवक होता. व्हरांड्यात एका आजोबांची हनुवटी बोटांनी वर धरून तो त्यांची दाढी करत होता.

"अगं, वैजू! तू इकडं कशी? बस, बस. आजोबा, आमच्या वर्गातली हुशार पोरगी बरं का. गणितात पयली."

'गणितात पहिली' हे शब्द तिला टोचले. तिने उभ्याउभ्याच सगळे सांगितले, सांगताना ती वस्तऱ्याकडे पाहत होती. मग जे मॅडमनाही सांगितले नव्हते तेही सांगितले. दहावीचे वर्षभर ती सुदामच्या वहीतून गणिते उतरवायची. 'योग्य: अंक आणि अनुमान' असा कागद हातात पडला, त्याच क्षणी हा आपला नाही हे तिला कळले होते. पुढच्याच आठवड्यात घुगे सरांनी तालुक्याच्या गणित स्पर्धेतून सुदामचे नाव खोडून तिचे घातले, तेव्हाही कळले होते. आईने पेढे वाटले आणि तिने ते खाल्ले.

"मी बोलले नाही, सुदाम. मला तो कागद आवडला होता. मला लाज वाटते."

सुदामने आजोबांचा गाल ओल्या फडक्याने पुसला. "मलाबी ठाऊक व्हतं की. कालपरवापर्यंत तुला सरळ व्याज सांगत व्हतो, आन् तू एकदम अंकवाली कशी काय झाली?"

"मग तू का नाही बोललास?"

"कागदावर शिक्का व्हता ना. म्हटलं, येवढं मोठं मशीन, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत आसंल. वहीत बरोबर येतंय ते नुसतं पाठ झालं आसंल." तो हसला. "पयल्या वर्षी लई रडलो. मंग कामात मन लागलं. आता ह्या लोकान्ला सोडून मला करमत नाही, खरं सांगतो. त्या तुमच्या पाहणीत मी समाधानी म्हणूनच लिव्हलंय."

तिला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. तिने पिशवीतून चार पानांचे गणित काढले आणि सोळा लाख मुलांचे काय होणार आहे ते सांगितले. "तू तपासून सही केलीस, तरच समिती हे वाचेल. फार अवघड नाही. तुला जमेल."

सुदामने हात पुसून पाने घेतली. पहिली ओळ त्याने बोट ठेवून वाचली. दुसऱ्या ओळीवर बोट थांबले, मागे गेले, पुन्हा तिथेच येऊन थांबले. त्याच्या कपाळाला घाम आला. ज्याच्या मेंदूला अंकांनी थकवा येत नव्हता, तो दीड ओळीत दमला.

"नाही गं. मला गणित येत नाही."

"येत होतं. मी शिकवते. दिवसभर बसू आपण."

"माझ्यामागं चौदा जणांचं खानंपिनं हाय. आन् कशाला उगीच? सही पायजे ना? आण पेन." त्याने पाने गुडघ्यावर घेतली आणि शेवटच्या पानावर ठसठशीत सही केली. "तू काढलंय म्हंजी बरोबरच आसनार. अंकांचं तुला कळतं."

"सुदाम, तू वाचलं नाहीस."

"तू वाचलं ना? मंग झालं."

ती पाने परत करायला हवी होती, हे तिला तिथेच, त्याच क्षणी समजले. सगळ्यांनी कागदावर विश्वास ठेवला म्हणून हे सारे घडले, असे सांगणारा तिचा निष्कर्ष, आणि त्याखालची सही त्याच विश्वासाने केलेली. पण उद्या सोमवार होता. तिने पाने पिशवीत घातली.

समितीचे काम वीस मिनिटांत आटोपले. सुदाम सानप कोण, काय करतो, त्याने गणित कसे तपासले, हे कुणीही विचारले नाही. त्याची श्रमरेषा पडद्यावर आली, सभासदांनी माना डोलावल्या आणि वेधपत्राचे बंधन रद्द झाले. अध्यक्षांनी वैजयंतीच्या धैर्याचे मोकळ्या मनाने कौतुक केले. पंधराव्या वर्षी पेढा खाताना झाले होते तसे तिचे तोंड गोरेमोरे झाले. तिने मान खाली घालून आभार मानले. निकाल कळवायला सुदामला फोन करायचा होता, पण त्या दिवशी तिची छाती झाली नाही, आणि नंतरही नाही.