करीच्या दिवशीची कुस्ती

आमच्या शुभदाला लग्नानंतर अकरा वर्षांनी लेक झाली, ते साल. म्हणजे २०२३. नातीचं बारसं पोळ्याच्या अगोदर उरकलं. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, हे घडलं.

खरं वाटत नसेल त्यानं सोनपेठहून गोदाकाठाकडं जाणारी एसटी धरावी. आमच्या गावात उतरून तालीम कुठंय म्हणून विचारावं. कोणी हात करून दाखवणार नाही. पण माणसं ज्या बाजूला बघायचं टाळतील, त्याच बाजूला ती आहे.

आणि ही रातची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. गावादेखत घडलेली.

माझा धाकटा चुलतभाऊ बन्सीधर त्या तालमीचा वस्ताद. त्याला पोटचं मूल नव्हतं. पोरं म्हणजे तालमीतलीच. त्यात सगळ्यांत लाडका योगीराज.

योगीराज म्हणजे पहाड होता. पण मनानं गाय. परभणीच्या मैदानात चांदीची गदा मारून आला, तेव्हा गावानं त्याला ट्रॅक्टरवर मिरवला. पोरं त्याचा फोटो मोबाइलवर लावायची.

त्याच महिन्यात एका पहाटे तो आखाड्यात पालथा सापडला.

डोक्याची मागची बाजू फुटलेली. शेजारी व्यायामाचा दगडी गोळा. त्याला केस चिकटलेले. तोंड मातीत दाबलेलं... इतकं की दातांच्या आत, पार घशापर्यंत माती गेलेली.

संशय एकावरच होता. परमेश्वर. योगीराजचा जोडीदार. दोघांनी एकाच दिवशी लंगोट लावला होता. पुढं एकाला गदा मिळाली आणि दुसऱ्याला टाळ्या वाजवायचं काम.

चार वर्षं खटला चालला. साक्षीदार फुटले. परमेश्वर सुटला.

त्या वेळी गाव म्हणत होतं, आखाडा उपसा, माती गोदावरीत सोडा. बन्सीधर ऐकेना.

"चार पिढ्यांची माती हाय. ताक, तेल, हळद, लिंबू घालून वाढवलेली. तालमीची माती फेकत नसतेत."

पोलिसांनी पिशवीभर माती नेली तेवढीच. बन्सीधरनं वरून दोन गाड्या नवी माती टाकली आणि दाराला कुलूप लावलं.

योगीराजचं रक्त खालीच राहिलं.

मग पुण्याहून मंजुषा मॅडम आल्या. घडलेल्या गुन्ह्यांवर त्या माहितीपट काढतात. योगीराजवर काढायचा होता. त्यांना कुलूप उघडून हवं होतं. त्याच आखाड्यात दोन पैलवान सराव करताना दाखवायचे होते.

परमेश्वर स्वतःहून तयार झाला. "मला बी माजी बाजू मांडायची हाय. समद्या महाराष्ट्राला बघू द्या."

आणि योगीराजच्या जागी?

योगीराजचा धाकटा भाऊ हरिओम. एकोणीस वर्षांचा. तोच बांधा, तीच चाल. आखाड्यात मोडलेले तसेच कान.

 बन्सीधर योगीराजच्या आईकडं, दगडाबाईकडं गेला.

"वैनी, हरीला आत उतरू देऊ नगा. त्याचे हात शिवशिवायलेत. मला दिसायलंय."

"उतरू द्या," दगडाबाई म्हणाली. "त्या मुडद्यानं माज्या लेकराच्या मातीत हुबं ऱ्हाऊन खोटं बोलून दावावं. म्या समोर बसते."

"आन् हरीनं त्याचं काही बरंवाईट केलं तर? एक लेक मातीत गेला, दुसरा जेलात जाईल!"

"मग तुमी कशाला हाव वस्ताद? तुमच्या सबदाबाहीर हाय का त्यो?"

तिचंही खोटं नव्हतं. त्या तालमीचा एक कायदा होता. सलामी होऊन अंगावर माती पडली की कुस्ती लागली. मग वस्ताद 'सुटली' म्हणेपर्यंत कोणी हात काढायचा नाही. आणि म्हटलं, की क्षणभरही धरायचं नाही. हा कायदा कधी कोणी मोडला नव्हता.

बन्सीधरनं हरिओमला मारुतीपुढं नेलं. "पायावर हात ठिव. म्हण, त्याला इजा करनार न्हाई."

हरिओमनं बराच वेळ हात ठेवला नाही. मग ठेवला. "तुमी म्हनता म्हून, वस्ताद."

करीच्या दिवशी आमच्याकडं कोणी नवं काम धरत नाही. बन्सीधरनं मॅडमला हेही सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "काका, कॅमेरामन उद्या दुसरीकडं जाणार आहे. आजच करू."

सकाळी बन्सीधरनं स्वतः कुलूप काढलं. खोरं घेऊन माती उकरायला लागला.

त्या साली पावसानं ओढ दिली होती. विहिरी तळाला गेलेल्या. तालमीवर तर पत्रा. आत थेंब पडायची सोय नाही.

पण हातभर खाली गेल्यावर माती...

ओली लागली.

त्यानं चिमूट उचलून नाकाला लावली. हळदीचा वास नव्हता. तापल्या लोखंडाचा होता.

हे त्यानं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. त्या वेळी त्यानं माती सारखी केली, वर पाटा फिरवला आणि बाहेर सगळ्यांबरोबर चहाला बसला.

आणि आतून आवाज आला...

फाट!

मांडीवर थाप मारल्याचा. शड्डू ठोकल्याचा.

"कोण हाय रं आत?" बन्सीधर उठून गेला.

आत कोणी नव्हतं. सारख्या केलेल्या मातीच्या अगदी मधोमध एक पाऊल उमटलेलं. उजवं. बोटं रुतलेली.

काठापासून तिथवर दुसरं पाऊल नव्हतं.

त्यानं ते हातानं पुसलं. वाटलं, आता थांबवावं. पण दारात माणसं जमली होती. दगडाबाई येऊन समोर बसली होती.

दुपारी परमेश्वर आला. अंगाला तेल लावलेलं. कॅमेऱ्याकडं बघून हसला. मग हरिओमकडं वळला.

"काय रं बारक्या? दूध पिऊन आलास का भावाच्या फोटूला हार घालून?"

हरिओमच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"परम्या, तोंड आवर," बन्सीधर ओरडला. "दोघं बी ऐका. फकस्त दावायचंय. म्या सुटली म्हनलं की सुटली."

दोघं आत उतरले. बन्सीधर काठावर उभा राहिला. त्याच्या शेजारी संघप्रिया नावाची मुलगी होती. आवाज टिपायचं काम तिचं. कानाला मोठे हेडफोन, हातात लांब दांड्याचा माइक.

बाहेर कुठंतरी बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती. ती एकदम थांबली.

संघप्रियानं कपाळाला आठ्या घातल्या.

"वस्ताद... आत किती जण आहेत?"

"दोगं. दिसंना का तुला?"

"मला तीन श्वास ऐकू यायलेत."

हरिओमनं वाकून मूठभर माती उचलली. हात पुढं केला. अजून मूठ उघडलीही नव्हती...

आणि परमेश्वरच्या छातीवर माती पडली.

ओली. लालभडक. थापलेल्या शेणासारखी चिकटून राहिली.

हरिओम आपल्या मिटलेल्या मुठीकडं बघत राहिला.

परमेश्वरची मान एकदम खाली गेली. कोणीतरी मानेला कव घालून ओढावी तशी. तो दोन्ही हातांनी हवेतलं काहीतरी सोडवायला लागला. पाय फरफटत आखाड्याच्या मधोमध गेला.

लोक हसले. "आरं, बेनं एकटंच कुस्ती खेळायलंय की!"

"नाटक्या हाय. सिनेमात घ्या ह्याला मॅडम!"

मग परमेश्वर हातापायांवर पडला. नाक मातीवर आपटलं. फुटलं. रक्ताची धार लागली. आणि हसणं थांबलं.

त्याच्या मानेवर खळगा पडला होता.

गुडघ्याएवढा. वर कोणी नाही आणि कातडं आत आत दबत चाललेलं...

बन्सीधरनं डाव ओळखला. घुटना. समोरच्याला खाली घेऊन मानेवर गुडघा ठेवायचा आणि रगडायचं. योगीराजचा हुकमी डाव. पण त्याच्या अंगात रग नव्हती. समोरचा कण्हला की तो मान वर करून विचारायचा, "सोडू का, वस्ताद?"

हरिओम भिऊन आखाड्याबाहेर आला. बन्सीधरनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"वस्ताद..." परमेश्वरच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. "सोडवा... म्याच... म्याच मारलं त्याला... जोर काढत व्हता... मागून गोळा घातला... मग तोंड दाबलं... सोडवा..."

दगडाबाईनं ऐकलं. ती उठलीही नाही, रडलीही नाही. पदर तोंडात घालून बघत राहिली.

आणि तेव्हा आवाज आला.

हळू. मान वर करून विचारल्यासारखा.

"सोडू का, वस्ताद?"

बन्सीधरनं तोंड उघडलं. 'सुटली' शब्द जिभेवर आला.

त्यानं परमेश्वरकडं बघितलं. हातातल्या हरिओमच्या मनगटाकडं बघितलं. पोरगं आखाड्याच्या बाहेर होतं. सगळं गाव बघत होतं. दोन कॅमेरे चालू होते. ह्याचा आळ हरीवर येणार नव्हता...

बन्सीधरनं तोंड मिटलं.

"वस्ताद, बोला की!" हरिओम ओरडला. "मरायलंय त्ये! बोला!" तो हात सोडवायला लागला. ज्याच्या हातून खून होईल म्हणून बन्सीधर भ्याला होता, तोच पोरगा गयावया करत होता. पण म्हाताऱ्याची पकड सुटेना.

परमेश्वरचं तोंड मातीत गेलं. आता नुसती घरघर. दोन्ही हातांची नखं माती ओरबाडत होती. एक नख उपटून वर राहिलं.

पुन्हा आवाज आला. ह्या वेळी काकुळतीला आल्यासारखा.

"वस्ताद... सोडू का?"

बन्सीधर बोलला नाही.

कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला.

कट्ट...

परमेश्वरची मान पाठीकडं वळली. डोळे उघडेच. दातांच्या आत माती.

"सुटली," बन्सीधर म्हणाला.

मानेवरचा खळगा हळूहळू भरून आला.

पोलिस आले. मॅडमनी सगळं चित्रण त्यांना दाखवलं. त्यात परमेश्वर एकटाच दिसत होता. एकटाच वाकला, एकटाच पडला, एकटाच मेला. हरिओम काठावर, मनगट वस्तादाच्या हातात. झटका येऊन मान मोडली, असं कागदावर लागलं. तो माहितीपट आजवर कुठं दिसलेला नाही.

निघताना संघप्रिया एकटीच बन्सीधरच्या घरी आली. चेहरा पांढराफटक. तिनं बन्सीधरच्या कानाला हेडफोन लावले आणि आवाज ऐकवला.

"माझे वडील जिंतूरचे," ती म्हणाली. "मला इथली बोली कळते, वस्ताद. दोनदा विचारलं त्यानं. त्याला सोडायचं होतं. मी तुमच्याकडंच बघत होते. तुम्ही ऐकलं होतं."

बन्सीधरनं हेडफोन काढून तिच्या हातात दिले.

"का नाही बोललात?"

दारात हरिओम उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. वस्तादाच्या पाया न पडता तो तसाच मागं फिरला. दुसऱ्या दिवशी पालमला गेला आणि तिथं टायरच्या दुकानात कामाला लागला. पुन्हा कुस्ती खेळला नाही. वस्तादाशी बोलला नाही.

दगडाबाई मात्र नारळ घेऊन आली होती. बन्सीधरनं तो घेतला नाही. "वैनी," एवढंच म्हणाला, "योगीराज आसा न्हवता. म्या केलं त्याला तसा."

मग तो रोज दुपारी तालमीत जायला लागला. दार लावून घ्यायचा. बाहेर ऐकू यायचं. कधी रडायचा. कधी कोणाची तरी समजूत घालायचा. "सुटली रं बाबा, कव्हाच सुटली. जा आता." असं आठ महिने चाललं.

माझं घर तालमीला लागून आहे. त्या दुपारी मी ओट्यावर होतो. आतून धप्प आवाज आला. मग बन्सीधरचा श्वास... आणि त्याच्यावर कोणाचा तरी दुसरा.

"सोड," बन्सीधर म्हणत होता. "आता सोड की रं..."

मी दार ठोठावलं. मोठ्यानं 'सुटली, सुटली' म्हणालो. पण मी काही त्या तालमीचा वस्ताद नव्हतो, आणि जो वस्ताद होता तोच खाली दबलेला होता. दार तोडेपर्यंत आत सगळं शांत झालं होतं. आत तो एकटाच होता. पालथा.

त्या दिवशी दार तुटताना आतून माझ्या अंगावर उडालेली माती मी तीनदा अंघोळ करून धुतली. वास अजून जात नाही.

परमेश्वर १५ सप्टेंबर २०२३ ला, शुक्रवारी, दुपारी मेला. बन्सीधर वस्ताद ११ मे २०२४ ला, शनिवारी, दुपारीच गेला.