चाळीस फुटांवरचा बाक

त्या दिवशी बस आली नाही, म्हणून ती रस्ता ओलांडून त्या दुकानात शिरली. एरवी चारला पाळी संपली की पाच मिनिटांत ती थांब्यावरच्या लोखंडी बाकावर येऊन बसायची आणि चार वीसची बस तिला घेऊन जायची. समोरच्या अरुंद दुकानाची पाटी ती दीड वर्ष रोज वाचत होती. 'वापरलेले कॅमेरे. विक्री व दुरुस्ती.' आत पाऊल मात्र कधी टाकलं नव्हतं.

ती दवाखान्याच्या तळघरात एक्स-रे काढायची. दिवसाला साठ-सत्तर माणसं. "श्वास घ्या... धरा... हलू नका... सोडा." हे ती इतक्या वेळा म्हणायची की बरोबरीच्या मुलींनी तिचं नाव श्वासताई पाडलं होतं. आधीच्या नोकरीसकट सहा वर्षांत तिने हजारो फासळ्या आणि शेकडो कवट्या पाहिल्या. चेहरा एकाचाही आठवत नव्हता. हे हल्ली तिला खुपायला लागलं होतं. फोनवर फोटो काढून समाधान होईना. एक खरा कॅमेरा घ्यायचा आणि माणसांचे चेहरे टिपायचे, एवढं तिने ठरवलं होतं. कुठला घ्यायचा, याचा पत्ता नव्हता.

दुकानात कोणी दिसेना. दोन्ही बाजूंच्या काचेच्या कपाटांत लेन्स ओळीने मांडलेल्या, सगळ्यांची तोंडं दाराकडे. ती एक पाऊल सरकली की प्रत्येक भिंगात तिची एकेक इवलीशी आकृती सरकायची. मागच्या खोलीतून आवाज येत होता. खट्... खट्... खट्... दर दहा सेकंदांनी, न चुकता. आत बसून कोणीतरी आपले फोटो काढतंय असं वाटून तिने नकळत डावा अंगठा मुठीत घेतला. ही तिची लहानपणापासूनची खोड. वहिनी त्यावरून अजून चिडवायची.

"आत कोणी नाही," काउंटरखालून आवाज आला, आणि पाठोपाठ एक डोकं वर आलं. "जुनी शटर आखडतात. त्यांना यंत्राला जोडून ठेवतो. म्हाताऱ्यांना फिरायला नेल्यासारखं."

तो तिशीचा असेल. खिशात तीन बारीक स्क्रू ड्रायव्हर, मधल्याची मूठ पिवळी. दुकान त्याच्या मामांचं होतं, दुरुस्ती तो करायचा. त्याने तिच्याकडे पाहिलं, छान हसला आणि म्हणाला, "पहिल्यांदाच आलात का? पहिला कॅमेरा घ्यायचाय?"

तिने मेगापिक्सेलपासून सुरुवात केली. त्याने ते ऐकून घेतलं आणि कशाचे फोटो काढायचेत म्हणून विचारलं.

"चेहऱ्यांचे. दिवसभर तळघरात फासळ्यांचेच एक्स-रे काढते."

"मग चुकीच्या माणसाकडे आलात."

थट्टा असेल असं समजून तीही हसली.

आकड्यांची गोष्ट त्याने काढलीच नाही. तिला डोळे मिटायला लावले आणि एकामागून एक पाच कॅमेरे तिच्या हातात दिले. करंगळी खाली घसरते का, अंगठ्याला बटण न शोधता सापडतं का, एवढंच तो विचारत होता. प्रत्येक वेळी त्याची बोटं तिच्या बोटांना ओझरती लागत होती. चौथ्या कॅमेऱ्याला तिने नको तितका वेळ लावला.

मामांचा एक नियम होता. नवख्या माणसाला पहिला कॅमेरा असा सरळ विकायचा नाही. तीन कॅमेरे, दोन-दोन दिवस, कार्डासकट घरी न्यायचे आणि मगच ठरवायचं. आकडे दुकानातच राहतात, वजन घरी येतं, असं मामा म्हणत म्हणे. तिने वहीत सही केली आणि पहिला घेऊन गेली.

घरी तिने कॅमेरा सुरू केला तेव्हा कार्डात आधीच एक फोटो होता. दुकानाच्या काचेतून काढलेला रस्ता. पलीकडे बाक. आणि बाकावर, दवाखान्याच्या हिरव्या कोटात, मान सरळ ठेवून बसलेली... ती.

खाली तारीख होती. अकरा वर्षांपूर्वीची. एक जानेवारी, रात्रीचे बारा.

फोटोत लख्ख ऊन होतं. अकरा वर्षांपूर्वी ती शाळेत होती.

वहिनीने फोटो मोठा करून पाहिला. "योगायोग असेल गं. तू रोज तिथेच तर बसतेस," ती म्हणाली. मात्र तारखेवर बोट ठेवून तिने ती पुन्हा वाचली.

दोन दिवसांनी कॅमेरा परत द्यायला ती गेली. फोटोबद्दल काय विचारायचं, हे वाटेत पाठ केलं होतं. त्याने डोकं वर केलं, सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं, तसाच छान हसला आणि म्हणाला, "पहिल्यांदाच आलात का? पहिला कॅमेरा घ्यायचाय?"

तेच शब्द. तीच पट्टी. मागे शटर वाजत होती... खट्... खट्...

तिला वाटलं, मजा करतोय. तिने पिशवीतून कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला. दिवा लागावा तसा त्याचा चेहरा पालटला.

"अरे, तुम्ही! जड झाला ना? मला वाटलंच होतं, तुमची करंगळी खाली येत होती. फासळ्या कशा आहेत तळघरातल्या?"

त्याला सगळं आठवत होतं. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ गळ्यात कॅमेरा अडकवून आले आणि तो दारातूनच "या, लाल पट्टा!" म्हणाला. तेही "आलो" म्हणाले, जणू ते त्यांचं नावच होतं. मग त्याने दुसरा कॅमेरा काढला, पट्टा स्वतः तिच्या गळ्यात घातला, लांबी बेतशीर केली. त्याच्या हातांना यंत्राच्या तेलाचा मंद वास होता. या सगळ्यात फोटोचं विचारायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर तिने राहू दिलं.

दुसरा कॅमेरा हातात असा बसला की जणू तिचाच होता. घरी पोचताच तिने तो सुरू केला. कार्डात एक फोटो. रस्ता, बाक, ती. कोट तोच, केस वेगळे बांधलेले. तारीख पुन्हा एक जानेवारी, रात्रीचे बारा, फक्त साल निराळं.

"एकदा झालं तर योगायोग," वहिनी म्हणाली. "दोनदा म्हणजे पाळत. माणूस दोन दिवसांत तुला विसरतो आणि फोटो मात्र तुझेच काढतो? काय ते तोंडावर विचार. आणि तासाभरात फोन आला नाही, तर मी येते तिथे लाटणं घेऊन."

ती हसली. पण त्या रात्री तिला जे वाटत होतं ते वहिनीला सांगण्यासारखं नव्हतं. पाळतीची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही होती, की परवा तो पुन्हा तिला ओळखणार नाही.

तिसऱ्या वेळी तिने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.

"पहिल्यांदाच आलात का?" तो म्हणाला. "पहिला कॅमेरा—"

"मी कोण?"

तो थांबला. तिच्याकडे पाहत राहिला. कपाळ, भुवया, हनुवटी, पुन्हा कपाळ. न येणाऱ्या लिपीतलं पत्र वाचायला दिल्यासारखा. मागच्या खोलीत शटर दोनदा वाजलं.

"नाही सांगता येत," तो हळू म्हणाला.

तिने कॅमेरा काढून फोटो त्याच्यासमोर धरला. पहिल्या फोटोची तिने फोनवर प्रत घेतली होती, तीही शेजारी ठेवली. तो एकदा इकडे, एकदा तिकडे पाहू लागला. त्याचा रंग उतरला.

"दोन्हींत एकच बाई आहे?"

"दोन्हींत मी आहे."

"मला वाटायचं..." त्याने काचेतून बाकाकडे पाहिलं. "मला वाटायचं, रोज वेगळी बाई येऊन बसते."

मग तो स्टुलावर बसला आणि एखादं यंत्र उघडून दाखवावं तसं त्याने सगळं सांगितलं. त्याच्या डोक्यात चेहरे टिकत नाहीत, जन्मापासून. माणूस समोर असतो तोवर नाक-डोळे सगळं दिसतं. पाना घ्यायला पाठ वळली की पाटी कोरी. आईला तो चालीवरून ओळखतो, मामांना खोकल्यावरून, गिऱ्हाइकांना त्यांच्या कॅमेऱ्यांवरून. कॅमेऱ्यावरचा ओरखडासुद्धा तो विसरत नाही. लोकांना हे सांगत नाही, कारण सांगितलं की लोक परीक्षा घेतात. सांगा बरं, मी कोण.

शेवटचं वाक्य तो तिला उद्देशून म्हणाला नव्हता. तिला मात्र ते लागलं.

फोटोंचं कारण साधं होतं. दुरुस्त झालेल्या प्रत्येक कॅमेऱ्यातून तो दुपारी चारनंतर एकच फोटो काढायचा, त्या बाकाचा. अंतर बरोबर चाळीस फूट, बाकाच्या पट्ट्या सरळ, फोकस चुकला तर लगेच कळतं. बाकावर कोणी न हलणारं असलं तर मंद शटरचीही परीक्षा होते. आणि तारीख? आतली बारीक बॅटरी मेली की घड्याळ कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर जातं. तो तारखा लावायचा कंटाळा करायचा.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मला त्या बाकाची भीती वाटायची. जी येऊन बसेल ती दगडासारखी होते. इतक्या बायका, आणि एकही हलत नाही."

दीड वर्ष ती त्याच्यासमोर बसत होती, आणि त्याच्या लेखी तिथे ओळच्या ओळ होती, प्रत्येक बाई अनोळखी.

"आता सोपं आहे," तो घाईने म्हणाला. "हा दुसरा तुम्हाला बसलाय, मला दिसतंय. हा घ्या. मग दारातूनच ओळखेन तुम्हाला. कायमचं."

"म्हणजे कॅमेरा ओळखाल," ती म्हणाली. "उद्या वहिनीच्या गळ्यात घालून पाठवला, तर तिलाही असंच हसून 'या' म्हणाल."

तिने कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि ती निघाली. दारात तिला थांबावंसं वाटलं. पण थांबून वळली असती, तर तो कदाचित पुन्हा विचारता, पहिल्यांदाच आलात का.

वहिनीला तिने फोन करून सांगितलं की माणूस सरळ आहे. "मग रडतेस कशाला?" वहिनीने विचारलं.

चार दिवस ती रोज बाकावर बसली. रिकाम्या हातांनी. दुकानाकडे पाहायचं नाही असं ठरवून. मनाशी तिने एकच गोष्ट धरली होती. कॅमेऱ्याशिवाय त्याने ओळखलं, तर तो कॅमेरा आणि तो माणूस, दोन्ही. नाही ओळखलं, तर दुकानं गावात पुष्कळ आहेत. काचेमागे तो दिसत होता, काहीतरी कागद पसरून त्यांच्यावर भिंग धरून वाकलेला.

पाचव्या दिवशी थांब्यावर गर्दी होती. दवाखान्यात तपासणी शिबिर होतं आणि सगळ्या विभागांची पाळी एकदम सुटली होती. बाकावर चार जणी, मागे उभ्या तीन. सगळ्या हिरव्या कोटात, बहुतेकींचे केस एकाच चापात. समोरचं दार उघडलं. तो रस्ता ओलांडून येत होता. हातात कॅमेरा नव्हता, पाकीट होतं.

तिने आवाज केला नाही, हसली नाही. दुपारभर लोकांना सांगितलेलं ती आता स्वतःवर वापरत होती. श्वास घ्या. धरा. हलू नका.

तो पहिलीसमोर थांबला. "काय हवंय, दादा?" तिने विचारलं. तो पुढे सरकला. दुसरीसमोर थांबला. कोणाच्याही तोंडाकडे तो पाहतच नव्हता. त्याची नजर खाली होती, मांड्यांवर, पिशव्यांवर, हातांवर. मग तो तिच्यासमोर आला आणि तिथेच उभा राहिला.

"डावा अंगठा," तो म्हणाला.

तिने खाली पाहिलं. अंगठा मुठीत होता.

"बाकावर कोणी बसलेलं आहे असे अकरा फोटो सापडले," तो म्हणाला. "सगळे छापून काढले. चेहरा सोडून बाकी सगळं पाहिलं. चपला बदलतात, केस बदलतात. नऊ फोटोंत डावा अंगठा मुठीत आहे. दोनांत हात पिशवीत आहे, पण मी तेही तुमचेच धरलेत." त्याने पाकीट पुढे केलं. "अकरा वेळा मी तुम्हाला पाहिलं, आणि अकरा वेळा मला वाटलं, ही कोण असेल... हिच्याशी बोलावं. मग ती पुन्हा दिसायचीच नाही."

शेजारच्या मुली कान टवकारून ऐकत होत्या. बस आली. सहा जणी चढल्या. ती बसून राहिली.

"आणि मी मूठ उघडली तर?" तिने विचारलं.

"तर हरवाल बहुतेक," तो म्हणाला. "म्हणून मी इथे बसतो. उठणार नाही."

तो शेजारी बसला. बऱ्याच वेळाने तिने मूठ उघडली, आणि त्याच्या तेलकट बोटांनी तो हात धरून ठेवला.

"उद्या सकाळी तुमचा चेहरा मला पुन्हा नवा असेल," तो म्हणाला. "कदाचित पुन्हा विचारेन, पहिल्यांदाच आलात का."

"विचारा," ती म्हणाली. "मी रोज हो म्हणेन."

दुसरा कॅमेरा तिने त्याच संध्याकाळी घेतला. पहिला फोटो त्याचा काढला, कपाटांपुढे, मागे शेकडो भिंगं. श्वास घ्या, धरा, हलू नका म्हणाली आणि सोडा म्हणायला विसरली. तो आज्ञाधारकपणे कोंडून राहिला, लाल झाला, शेवटी दोघंही हसली.

आठ दिवसांनी तो फोटो मोठा करून ती दुकानात आली. मूठ मिटूनच आली, म्हणून "या" दारातच मिळालं. तिने फोटो काउंटरवर ठेवला. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला, उजेडाकडे तिरपा केला, बराच वेळ न्याहाळला.

"फोकस अगदी डोळ्यांवर आहे," तो म्हणाला. "माणूसही बरा वाटतो. कोण आहे?"

तिला वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. तो खरंच विचारत होता, सभ्यपणे, एखाद्या परक्याविषयी विचारावं तसं. कपाटांतल्या सगळ्या भिंगांत तो उभा होता, आणि त्यातला एकही त्याला ओळखत नव्हता. मागे शटर वाजत राहिली.

"हा?" ती म्हणाली. "हा माझा माणूस आहे."

मग त्याची नजर फोटोतल्या चेहऱ्यावरून खाली उतरली. खिसा. तीन स्क्रू ड्रायव्हर. मधल्याची मूठ पिवळी.

त्याने हात सावकाश स्वतःच्या खिशाकडे नेला आणि चाचपून पाहिलं.