पलंगाखालची जागा

चिमाजी सकाळी सांगवीच्या त्या घरी आला तेव्हा त्याने फक्त एक बादली पाणी आणि फरशी पुसायचं फडकं मागितलं. नळ्या जोडण्यात त्याची हयात गेली होती. माणूस म्हातारा, सावकाश बोलणारा.

घर हरिहरचं. चाकणला कंपनीत इंजिनिअर. अंथरुणाला खिळलेल्या आईला, शालनबाईंना, पडल्या पडल्या नदी दिसावी म्हणून त्याने घराला खोली वाढवली होती. तिन्ही बाजूंना काच, छत उंच. काचेमुळे ऊब टिकणार नाही म्हणून जर्मनीत पाहिलं होतं तसं फरशीखालून गरम पाणी खेळवलं होतं. नळ्या चिमाजीनेच अंथरल्या होत्या. तरी पौष लागला आणि खोली गारच, पलंगापाशी तर जास्तच.

"काका, खरं सांगा," हरिहर हळू आवाजात म्हणाला. "नळी कुठं दबलीय का? फरशी फोडायची म्हटलं तर आईला परत आतल्या जुन्या गार खोलीत न्यावं लागेल. मागच्या थंडीत छाती भरली होती तिची. आता नाही झेपणार तिला."

"बघतो साहेब."

खरं तर चिमाजीला ठाऊक होतं. नकाशात पलंगाखालीही नळी होती. अंथरायची वेळ आली आणि त्याचा हात थांबला. जिवंत माणसाच्या निजण्याखाली आग कशी द्यायची? खालून आग देतात ती कुणाला... त्याने कुणाला न सांगता पलंगाखालची नि भोवतीची जागा सोडली, आणि वरून सिमेंट पडलं.

त्याने सगळी फरशी ओली केली. जिथं नळी तिथं पाणी आधी वाळतं, एवढीच ती तपासणी. हरिहर पाणी तापवायच्या यंत्राचा काटा वाढवायला घरामागे गेला. काचेच्या कडेने वाळलेल्या रेघा उमटू लागल्या, शिस्तीत, शेजारी शेजारी. पलंगाभोवतीची फरशी ओलीच राहिली.

मग त्या ओलीत एक पाऊल वाळलं.

टाच, चवडा, पाच बोटं. मोठं, पुरुषाचं. थोडं पुढे दुसरं. पलंगाच्या दिशेने. तापलेल्या लोखंडाचा वास आला, भट्टीजवळ येतो तसा. चिमाजी खाली बसला. त्याने पावलावर तळवा ठेवला. भाकरी उतरवलेल्या तव्यासारखी ऊब होती.

"माई..." त्याला शब्द सापडेनात. "हितं मी नळी घातलीच न्हाई. चूक झाली माझी."

"ठाव हाय मला," शालनबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "लई गार लागायचं. आज न्हाई लागत."

"कोण हाय, माई?"

"चिंचवडला भट्टीवर व्हते. शिफ्ट सुटली तरी पाय तापल्यालेच. माज्या गार पायाला लावून निजायचे." त्या हसल्या. "बारा वर्सं झाली जाऊन. वाट बरी घावली."

चिमाजीने नकळत हात जोडले.

दार वाजलं. हरिहरने पाहू नये म्हणून त्याने घाईने ओलं फडकं सगळीकडून फिरवलं.

"काका, तापली की खोली! फोडायला नको ना?"

"नको..."

बोलता बोलता त्याची नजर खाली गेली. फरशी पुन्हा वाळत होती, पण आता पावलं पलंगापासून काचेकडे निघाली होती. मोठ्या पावलांशेजारी लहान पावलं होती. प्रत्येक लहान पावलाच्या दुसऱ्या बोटावर एक बारीक आडवी रेघ ओली राहिली होती, जोडव्याएवढी.

त्याने वर पाहिलं. शालनबाई पलंगावरच होत्या. श्वास संथ चालू होता. चादरीबाहेर आलेली पायांची बोटं बारा वर्षांपासून मोकळी होती.

हरिहरने आईच्या तळव्याला हात लावला. त्याचे डोळे भरून आले. "बघा ना काका, किती गरम झालेत पाय."

चिमाजी बघत नव्हता. काचेपलीकडे अंगणातल्या शहाबादी फरशीवर दव होतं. तिथं खाली नळी नव्हती, काही नव्हतं. आणि ते दव नदीच्या बाजूला, दोन दोन पावलांनी, सावकाश वाळत चाललं होतं.