हिरवीचं तोंड

धानाच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बांधावर आता खर्रा कार्ड बघून वाटला जाई. हिरव्या कार्डवालीला पुडी, लाल कार्डवालीला गुळाचा खडा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून केलेला ऐवज. चंद्रपूरकडे रोवणीच्या बायांना मालकाने तो पुरवायचा, ही जुनी रीत. सरकारने ती मोडली नाही, तिला विज्ञानाची जोड दिली एवढंच.

विज्ञान तसं सोपं होतं. तंबाखूच्या विषाने गालातल्या पेशींची मोडतोड होते आणि काही जनुकं तिची डागडुजी करतात. कुणाची डागडुजी चोख, कुणाची आळशी. ते जनुकांवरच्या खुणांवरून, म्हणजे मार्करवरून, ओळखता येतं. गालातून कापसाचा बोळा फिरवला की यंत्र माणसाचा ‘मुखांक’, म्हणजे तोंडाच्या कर्करोगाचा धोका, सांगून मोकळं. धोका जास्त त्याला लाल कार्ड, तंबाखू बंद आणि वरचेवर तपासणी. धोका कमी त्याला हिरवं कार्ड. त्याच्या तोंडात कोण कशाला डोकावतो?

भागरता शेंडे हिरवी होती. रोवणीच्या टोळीची ती म्होरकी, तोंडाने फटकळ, आणि टोळीतल्या बाया तिच्या शब्दाबाहेर नसत. पण तिच्या डाव्या गालात, पुडी दाबायच्या जागीच, पांढरा चट्टा पडला होता. तिखट घास आग आग करी.

तालुक्याच्या तपासणी केंद्राचं दार हिरव्या कार्डाला उघडेना, तेव्हा ती दारातच फतकल मारून बसली. शेवटी डॉक्टर नलिनी वासेकर बाहेर आल्या आणि त्यांनी मुखांकाची महती सांगितली. भागरताने सगळं ऐकून घेतलं आणि आ केला. डॉक्टरांना बघावंच लागलं. निरोगी तोंडात तीन बोटं उभी मावतात, हिच्या तोंडात दोनच गेली. चट्ट्याचा तुकडा तपासला, तर कर्करोग निघाला.

“मंग खुणा खोट्या होत्या का जी?” भागरताने विचारलं.

“खुणा खऱ्याच आहेत. तुमच्या अंगातला गवंडी चांगला आहे. पण रोज भिंत पाडली तर चांगला गवंडीसुद्धा थकतो. कमी धोका म्हणजे धोकाच नाही, असं आम्ही कधी म्हटलं नव्हतं.”

“म्हटलं नाई. दार तं लावलं.”

डॉक्टरांनी निदान यंत्रात भरलं. पडद्यावर उत्तर आलं: हिरव्या मुखांकाशी विसंगत, कार्ड दुरुस्त करा. डॉक्टरांनी समजावलं की अंगठा दिला की कार्ड लाल होईल आणि ऑपरेशन याच आठवड्यात, फुकट. हिरव्या कार्डावर ऑपरेशनची सोयच नव्हती. भागरताचा अंगठा यंत्रापर्यंत गेला आणि थांबला.

“म्हंजे कागदावर हिरवीले काई झालंच नाई?”

“कागदावर नाही.”

“याआधी किती हिरव्या लाल केल्या तुमी?”

डॉक्टरांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला. आजवर एकाही हिरव्या माणसाला कर्करोग झाला नाही, हे त्याच तर सभांमधून अभिमानाने सांगत.

भागरताला मरणाची भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण राग भीतीला पुरून उरला. तिने अंगठा मुठीत दाबला.

“हिरवीले झाला, असं लिवा. मंग कापा.”

डॉक्टर काकुळतीने म्हणाल्या की असं लिहिता येत नाही, आणि हट्टापायी जीव जाईल.

“जीव माहा हाय,” भागरता म्हणाली, “अन् बायाही माह्याच हायत.”

दुसऱ्या दिवशी मालकाने बांधावर खर्ऱ्याची पिशवी सोडली. हिरव्या बाया पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या टाकून गोळा झाल्या. भागरता मधे उभी राहिली. तिने हिरवं कार्ड कपाळाला लावलं आणि उघडेल तेवढं तोंड उघडलं. बायांनी एकेक करून आत पाहिलं. मग तिने सगळ्यांना हात धुऊन आपापल्या तोंडात तीन बोटं उभी घालायला लावली.

आधी हसू फुटलं. मग हसणं थांबलं. निम्म्याअधिक बायांचं तिसरं बोट ओठाबाहेरच राहिलं होतं.

“चला,” भागरता म्हणाली. “इतके अंगठे एकदम लाल करता येते का, डॉक्टरीण बाईले इचारू.”