रांगोळीतला रडका काका

हरलेल्या माणसाला काय पाठवायचं? तांबळवाडीच्या शाळेतल्या कोणत्याही पोराला विचारा, उत्तर एकच: 'रडका काका'. दाढीवाला माणूस, गालांवर पाणी, नाक लाल. हे स्टिकर आलं की समजायचं, आपली फजिती झाली.

आठवी 'अ'नं कबड्डीत 'ब'ला धूळ चारली, तेव्हा 'अ'मधल्या शर्वाणीच्या डोक्यात किडा वळवळला. स्नेहसंमेलनाची रांगोळी तिच्याकडे होती. तिनं रांगोळी काढणाऱ्या यंत्रमानवाला, म्हणजे चिमट्याला, फर्मान सोडलं, "फाटकात रडका काका काढ. मोठ्ठा! 'ब'च्या नाझनीनच्या टीमला आत येताना दिसू दे."

पण नाझनीनच्या आधी पाहुणेच आले. चंद्रावर शेती करणारे शास्त्रज्ञ डॉ. वामन केळुसकर, सत्तरी ओलांडलेले, दाढी नाही, डोक्यावर केस नाहीत. रांगोळी पाहून ते थबकलेच.

"अरे, हा तर मी! अजून लक्षात आहे तुमच्या?" ते रांगोळीपाशी वाकले. "कोणी काढली? तू? देव तुझं भलं करो, पोरी."

"होय, हेच ते," चिमटा म्हणाला. "चाळीस वर्षांपूर्वी चंद्रावरच्या मातीत नाचणीला पहिला कोंब फुटला, तेव्हा हे आनंदानं रडले. तो फोटो लोकांनी घराघरांत लावला होता."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं शर्वाणीला झालं. गप्प बसली असती तर खपूनही गेलं असतं. पण त्या आशीर्वादाचीच तिला जास्त लाज वाटत होती.

"आजोबा, मी मानानं नाही काढलं," ती रडवेली झाली. "हरलेल्यांना चिडवायला आम्ही हा चेहरा वापरतो. तुम्ही कोण, माहीतच नव्हतं."

आजोबांनी रांगोळीतल्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"वाईट वाटलं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण हे झालं कसं, ते बघू. चिमट्या, मधली चित्रं दाखव."

चिमट्याच्या पोटावरच्या पडद्यावर चित्रं सरकली. आधी बातमीसकट फोटो. मग कांदा चिरायच्या यंत्राची जाहिरात. चेहरा तोच, बातमी गायब. मग क्रिकेटमधल्या पराभवावरचा विनोद. शेवटी स्टिकर.

"चित्र तसंच राहिलं, गळला तो संदर्भ (चित्रामागची हकीकत)," आजोबा म्हणाले. "हा चेहरा म्हणजे प्रतीक (दुसऱ्या कशासाठी तरी उभी असलेली खूण). प्रतीकाचा अर्थ नुसत्या चित्रात नसतो, लोक ते कशाला वापरतात त्यात असतो. बिस्किटं संपली की डब्यात आपण डाळ भरतो. मग घरात तो डाळीचाच डबा होतो."

"मग आता परत बदलेल?"

"हुकूम काढून नाही. वेगळं वापरून बघा."

तेवढ्यात नाझनीनची टीम आली. रांगोळी बघून ती तशीच मागे वळली. शर्वाणी धावली आणि तिनं सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं, कोंबाचंही आणि स्वतःच्या खोडीचंही. नाझनीन हसली नाही. "कळलं," एवढंच म्हणाली आणि रांगोळीवर पाय न देता कडेनं आत गेली. शर्वाणीला दिवसभर कुणाकडे मान वर करून बघवलं नाही.

उन्हाळ्यात एकदा नाझनीनचा संदेश आला. रडका काका! शर्वाणीचे कान तापले. खाली फोटो होता: नाझनीनच्या कुंडीत काजूच्या बीला फुटलेला कोंब.

संध्याकाळी 'ब'मधल्या एकाचंही तेच स्टिकर आलं. हरलं कुणीच नव्हतं. त्याच्या घरी म्हैस व्याली होती.