गुंडाळून ठेवलेली दोरी

तिसरा भाडेकरूही घर सोडतो म्हणाला, तेव्हा नान-हीला ना राग आला ना रडू. नवरा समुद्रावरून परतला नाही तेव्हापासून तिचं मन बर्फावरच्या मासळीसारखं झालं होतं. दिसायला ताजं, हाताला गार.

चोंगपो बंदरावरचं ते घर नवऱ्याचं. तो गेल्यावर ती पोहांग शहरात नोकरीला लागली, फ्लॅटमध्ये राहू लागली आणि हे घर भाड्यानं दिलं. पण दर उन्हाळ्यात एकदा कुणीतरी आत शिरायचं. चोरी नाही, मोडतोड नाही, तरी भाडेकरू टिकेना. दलाल चूनं अर्ध्या किमतीचं गिऱ्हाईक आणलं होतं. त्याला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

"ठेवायचं की विकायचं, एवढंच ठरवायचंय," ती गुप्तहेर प्योला म्हणाली. "भूत असेल तर विकून मोकळी होते. माणूस असेल तर सांगा कोण."

"आणि दोन्ही असलं तर?" प्योनं विचारलं. त्याची गाडी चालवणारा जुना मित्र माएंग एकटाच हसला.

"यजमान कधी गेले?"

"पाच वर्षं झाली. माकूळ मासळी धरणाऱ्या सगळ्या बोटी बाहेर होत्या त्या रात्री. चांदणं नसलं की माकूळ बोटींच्या दिव्यांवर येतं ना. गेल्या आठवड्यातच श्राद्ध केलं, फ्लॅटवर. तारीख पक्की, म्हणजे रजा मिळते. नैवेद्य दुकानातून मागवते."

ती हे बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती.

भाडेकरू गिल खोकी बांधत होता. "परवा पहाटे उठून बघतो तर फाटक उघडं, घराचं दार सताड. कुलूप मात्र शाबूत. अंगणातली कपड्यांची दोरी सोडून, नीट गुंडाळून रांजणावर ठेवलेली. आणि माझे मोजे घड्या घालून. बायकोनं जन्मात घातल्या नाहीत अशा घड्या."

"त्यांना विचारा, मोजे धुतं कोण?" बायको आतून म्हणाली.

"कुणी दिसलं?"

"डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. आधीचा भाडेकरूही तेच सांगून गेला."

"आमची आजीपण वर्षातून एकदा दोरी उतरवायची," माएंग म्हणाला. "आम्ही ओले कपडे घेऊन बसायचो."

"कधी?"

"घरात काहीतरी कार्य असायचं. कोण लक्षात ठेवतो?"

चूनं काही लपवलं नाही. "किल्ली माझ्याकडे आहे, बाईंच्या सासूकडेही आहे. घर स्वस्तात हवंय माझ्या गिऱ्हाईकाला. पण घाबरवायचं तर काचा फोडीन. मोजे कशाला दुमडत बसू? उलट फाटकाशी पीचचं रोप लावायला मीच सांगितलं होतं. भुतं पीचला भितात. तेही कुणी मुळासकट नेलं."

सासू ओक-बुन धक्क्यावर माकूळ वाळत घालत होती.

"आलीस? केवढी वाळलीस. तुझ्यापेक्षा हे माकूळ बरं."

"बरी आहे मी, आई."

"घर विकलंस?"

"अजून नाही."

म्हातारीनं पुढचं माकूळ दोरीवर टाकलं. तिच्या मागे फुटक्या टबात एक रोप होतं, नुकतं पाणी घातलेलं. प्योनं मातीला बोट लावून पाहिलं आणि चूला तिथंच बोलावून घेतलं.

"पीच लावतो त्याला भूत नको असतं," तो उलट्या टोपलीवर बसत म्हणाला. "मग ते उपटलं त्याला भूत यायला हवं होतं. दारं उघडी ठेवली ती त्याच पाहुण्यासाठी. माएंग, तुझ्या आजीचं ते कार्य श्राद्धाचं. येणारा आत्मा वाटेत अडकू नये म्हणून दोरी उतरवतात."

"अरे हो की," माएंग म्हणाला.

"दोन्ही वेळा काळोख, म्हणजे अमावस्या. माकुळाच्या बोटी गेल्या तीही अमावस्याच. नान-हीबाई तारखेनं श्राद्ध करतात, कुणीतरी तिथीनं. म्हणून दोन्हींचा मेळ कुणाला लागला नाही. कुलूप तुटलं नाही. किल्ली दोघांकडे, आणि चू मोजे दुमडणारा नव्हे. रोप उपटलं, पण मरू दिलं नाही. असं कोण करतं, आजी?"

म्हातारीचे हात थांबले नाहीत. "दोरीवर मोजे होते. मातीत टाकून देऊ?"



"तुझा फ्लॅट त्यानं पाहिलाय का?" ती सुनेला म्हणाली. "तू तिकडं ताट वाढतेस, लेकरू इकडं येतं. परक्याचं कुलूप बघून माघारी गेलं म्हणजे?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रडलीसुद्धा नाहीस. तुला काय सांगायचं होतं?"

नान-हीला ते लागायला हवं होतं. तिनं वाट पाहिली. लागलं नाही.

"मला घर विकावंसं वाटतंय, आई."

"वीक. भिंती काय करायच्यात मला? पण त्याला कळवशील ना?"

नान-ही चूकडे वळली. "विकते. पण भूत नाही हे आता तुम्हीच ऐकलंत. पुरी किंमत देणारं गिऱ्हाईक आणा."

मग ती धक्क्याच्या टोकाशी गेली. पाणी राखाडी होतं. काय म्हणावं ते तिला सुचेना, म्हणून तिनं नवऱ्याला फ्लॅटचा पत्ता सांगितला. पोहांग, शाळेमागची पांढरी इमारत, सातवा मजला. लिफ्टचं बटण जोरात दाबावं लागतं.

"मोठ्यानं सांग," सासू मागून म्हणाली. "डाव्या कानानं त्याला कमी ऐकू यायचं."

नान-हीनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. सातवा मजला म्हणताना तिला रडू फुटलं.