एरचच्या वाटेवर जळलेली पिकअप

"ताई, गाडी जळाली," फोनवर भावजय रश्मी म्हणाली आणि लगेच घाईनं पुढे बोलली, "हे ठीक आहेत. हाताला थोडं भाजलंय. पण तुम्ही या. हे देवेंद्र मिस्त्रीच्या दुकानाला कुलूप लावायला निघालेत."

रेवतीनं डबा तसाच उघडा टाकला आणि स्कूटर काढली. झाशीबाहेरच्या सरकारी कारखान्यात ती ट्रान्सफॉर्मर तपासायची. घरात कुठलीही तार जळाली की ताईला बोलवा, ही रीत जुनीच. पण आज तारेआधी भावाला थंड करायचं होतं.

लक्ष्मी गेटच्या आत, गल्लीच्या तोंडाशी, भावानं, मकरंदनं, गाडी ओढून आणून देवेंद्रच्या दुकानापुढेच उभी केली होती. मारेकऱ्याच्या उंबऱ्यावर प्रेत आणून ठेवावं तशी. बॉनेटचा रंग फोडांसारखा उठला होता. मागे हौद्यात एरच गावाहून आणलेले टोमॅटो उन्हात तापून फुटले होते, आणि त्यांचा आंबूस वास जळक्या रबराच्या वासात मिसळून गल्लीभर फिरत होता.

दुकानाला कुलूप लागलं होतं. पायरीवर देवेंद्र बसला होता, मान खाली घालून.

"यानं वायरिंग केलं," मकरंद म्हणाला. त्याच्या डाव्या हाताला ओला पंचा गुंडाळलेला होता. "पंधरवडा झाला नाही. तेव्हापासून हेडलाइट जातायत. रस्त्यात अन्ना जनावरं बसलेली असतात, ताई. समोर काळी म्हैस, मागे ट्रक आणि आपले दिवे गुल. मी मेलो असतो."

दूध आटलेली जनावरं लोक मोकळी सोडतात, तीच अन्ना; ती रात्री डांबराच्या उबेला येऊन बसतात. ते बुंदेलखंडात कुणाला सांगावं लागत नाही.

"संध्याकाळी चौकीत तक्रार देणार आहे," मकरंद म्हणाला. "विमावाल्यालाही सांगणार, मिस्त्रीची चूक."

देवेंद्रनं मान वर केली. "दीदी, आप देख लीजिए. मेरी गलती निकले तो हम खुद चौकी चले जाएँगे. पर बिना देखे नहीं."

"देखती हूँ," रेवती म्हणाली.

तिनं बॉनेट उघडलं. आत तारांची जुडी कोळशाच्या वेणीसारखी पडली होती. रेवती बोटानं एकेक तार हळूच सोडवत गेली. जळालेल्या तारेला घाई चालत नाही. ती आपली कहाणी आपल्या चालीनं सांगते, आणि मध्येच तोडली तर मुकी होते.

"मकरंद, धूर आधी कुठून आला?"

"डॅशबोर्डाखालून. मग पुढून ज्वाळा."

"दिवे तेव्हा चालू होते?"

"चालू होते. खड्ड्यात गाडी आपटली, दिवे गेले आणि धूर निघाला."

"आधी दिवे गेले, मग धूर?"

"हो. त्यात काय?"

रेवती उत्तर न देता वाकली. हेडलाइटची तार फ्यूजच्या पेटीपासून पुढच्या पत्र्यापर्यंत सारखी जळाली होती. वरचं प्लास्टिक आतून सुटून गळून पडलं होतं. ताप बाहेरून लागला असता तर एक बाजू काळी आणि दुसरी बरी राहिली असती. रेडिएटरशेजारच्या पत्र्याच्या धारेला मात्र तारेचा तांबडा गाभा घासून उघडा पडला होता आणि तिथं तांब्याचा बारीक थेंब गोठला होता. त्या थेंबाच्या पुढची, दिव्याकडे जाणारी तार अगदी निरोगी होती.

"देवेंद्र, तुमने जोड़ कहाँ लगाया था?"

"बत्ती के पास, दीदी. टाँका लगाके, ऊपर से नली चढ़ाके."

रेवतीनं पाहिलं. जोड निरोगी भागात होता. नळी नव्यासारखी, डाग दिलेला जोड चकचकीत. आग तिथवर पोचलीच नव्हती.

"बघ," तिनं भावाला जवळ ओढलं. "तार इथं पत्र्याला लागली. सगळी वीज इथून पळाली, म्हणून इथपर्यंतच जळालं. याचा जोड पुढं आहे. त्याचा दोष नाही."

"मग तार घासली कशी? ती यानंच ओढली ना?"

"कंपनीच्या मूळ क्लिपातून निसटलीय. खड्ड्यांच्या रस्त्यावर निसटतात. पण घासल्यानं गाडी जळत नाही, मकरंद. फ्यूज जळतो, दिवे जातात, संपलं. तो त्यासाठीच असतो. मग फ्यूज कुठं होता?"

मकरंदनं हातावरचा पंचा उगाच सोडून पुन्हा गुंडाळला.

"फ्यूज तुम ही देते थे?" रेवतीनं देवेंद्रला विचारलं.

"हाँ. तीन-चार बार दिया. भैया आते, कहते फ्यूज जल गया. हम देखते तो जगह खाली."

"जला हुआ कभी देखा?"

"एक बार भी नहीं. हमने कहा भी, भैया, जला हुआ फ्यूज अपनी जगह छोड़के नहीं जाता, कोई निकाल रहा है. भैया बोले, बहाने मत बना."

"बहाणे बनवतच होता," मकरंद म्हणाला. पण आवाजातली धार गेली होती.

रेवती ड्रायव्हरच्या बाजूला गेली, गुडघे टेकले आणि डॅशबोर्डाखालची फ्यूजपेटी पाहिली. झाकण वितळून वाकलं होतं. हेडलाइटच्या घरात फ्यूज नव्हता. तिथं तांब्याची तार होती, तीन पदरी, पिळलेली, दोन्ही टोकं आत दुमडून उलटी बसवलेली.

तिचे हात थांबले.

असा पीळ झाशीत कुणी देत नाही. रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये, चिनी मातीच्या फ्यूजमध्ये बाबा तार बांधायचे, टोकं आत दुमडून, म्हणजे पोराबाळाच्या बोटाला टोचायला नको. बाबा रेल्वेत डब्यांचे दिवे सांभाळायचे. अंधारात स्टुलावर चढून ते दोघा भावंडांना शिकवायचे, "एक पदर पंख्याला, दोन पदर घराला. तिसरा घालायचा नाही."

हा पीळ जाणणारी माणसं तीन. त्यातली एक ती स्वतः. बाबांचे हात दोन वर्षांपासून थरथरतात, सदऱ्याचं बटण रश्मी लावते.

"तू बांधलंस," ती हळूच म्हणाली.

मकरंद तिच्याशेजारी उकिडवा बसला. गल्लीला ऐकू जाऊ नये असा बोलला. "काय करणार होतो, ताई? मागच्या आठवड्यात चांदण्यावर गाडी चालवत आलो. दिव्याशिवाय. माल सडला असता. काल निघताना पुन्हा फ्यूज नव्हता. म्हटलं, तार कधी जात नाही."

"तीन पदर?"

"दोन जळाले असते तर?"

मग तिनं विचारलं, "फ्यूज जायचा त्या दिवशी गाडी कुठं उभी असायची?"

"घरी. अंगणात."

"मानिक चौकात दलालाकडे ठेवलीस तेव्हा?"

मकरंदनं आठवून पाहिलं. "तेव्हा नाही गेला कधी."

"दुपारी तू झोपतोस. रश्मी शाळेत शिकवायला जाते. किल्ली?"

"दाराशेजारच्या खुंटीला."

पुढचा प्रश्न तिनं विचारला नाही. उत्तर दोघांनाही ऐकू आलं होतं. मकरंद उठला, खिशातून किल्ली काढून त्यानं दुकानाचं कुलूप उघडलं आणि देवेंद्रकडे न पाहता म्हणाला, "घर चल. तेरे सामने ही बात होगी. कलंक तुझ पर लगा है."

घरी अंगणात बाबा, गोपाळराव, खुर्चीवर बसले होते. गाडी जळाल्याचं सकाळीच कळलं होतं, तेव्हापासून त्यांनी चहाही घेतला नव्हता. रश्मीनं शाळेत रजा सांगितली होती. ती त्यांच्यामागे उभी राहिली.

रेवती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. लहानपणी गोष्ट ऐकायला बसायची तशी. आज गोष्ट तिला सांगायची होती.

"बाबा, गाडी कशी जळाली ते कळलं. तार पत्र्याला घासून उघडी पडली होती. तशी ती कुणाचीही पडते. फ्यूज असता तर दिवे जाऊन गाडी तिथंच थांबली असती. पण फ्यूजच्या जागी तीन पदरी तार होती. ती मकरंदनं बांधली. कारण फ्यूज पुन्हा पुन्हा नाहीसा होत होता. जळत नव्हता, बाबा. कुणीतरी काढून घेत होतं. गाडी घरी असतानाच. दुपारी, हा झोपलेला असताना. आणि घेत होतं फक्त दिव्यांचाच. चोराला फ्यूज हवा असता तर त्यानं सगळे नेले असते. गाडी बंद पाडायची असती तर दुसरा काढला असता. ज्याला फक्त रात्रीचा प्रवास नको होता, त्यानंच दिव्याचा निवडला."

"तार बांधायला बोटं स्थिर लागतात," ती म्हणाली. "फ्यूज ओढून काढायला नाही. पेटीतच छोटा चिमटा असतो. तो थरथरत्या हातालाही जमतो."

गोपाळरावांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. तरी खांदे हलतच होते.

"नको म्हटलं होतं," ते म्हणाले. "कितीदा म्हटलं, रात्री जाऊ नकोस. शेजारच्या श्यामसुंदरचा पोरगा त्याच रस्त्यावर गाईवर आदळून गेला. हा ऐकतो का? म्हटलं, दिवेच नसले तर जाणार नाही."

"मी दिव्याशिवाय गेलो, बाबा," मकरंद म्हणाला.

म्हाताऱ्यानं मुलाकडे पाहिलं. हे त्यांना माहीत नव्हतं. आयुष्यभर ज्यांनी आगगाडीच्या डब्याडब्यात उजेड नेला, त्यांनी आपल्याच लेकाला काळोखात ढकललं होतं, आणि ते कळायला अख्खी गाडी जळावी लागली.

"दिव्याशिवाय?" त्यांनी विचारलं. "त्या रस्त्यानं?"

"भाजी थांबत नाही ना."

रश्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत गेली आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. घरात दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

मकरंद देवेंद्रकडे वळला. "भाई, माफ कर. मैंने तेरी दुकान पे ताला मारा."

"मारा तो मारा," देवेंद्र म्हणाला. "पर तार बाँधी थी तो बता देते. हम भी तो यही सोच-सोचके मरे जा रहे थे कि हमसे कहाँ चूक हो गई."

"बताता कैसे? फिर तुझ पर चिल्लाता कैसे?"

देवेंद्रला हसू आलं, ते त्यानं गिळलं. मग कामाचं बोलला, "इंजन बच गया है. सारी तारें नई डालनी पड़ेंगी. हफ्ता लगेगा."

"आठवड्यानंतर?" रेवतीनं भावाला विचारलं. "पुन्हा रात्री?"

"भाजी सकाळी मंडईत लागते, ताई. मग रात्रीच निघायला लागणार."

तिनं बाबांकडे पाहिलं. वाटलं, आता ते रागावतील, रडतील किंवा खुर्चीवरून उठून आत जातील. तार कुठं जळाली ते तिला शोधता येत होतं. ही भीती कुठं तोडायची, ते ना तिला ठाऊक होतं ना त्यांना.

गोपाळरावांनी मांडीखालचा एक हात बाहेर काढला. तो हलत होता, तसाच त्यांनी देवेंद्रच्या दंडावर ठेवला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले,

"बेटा, बत्ती जरा तेज वाली लगाना. दूर तक दिखनी चाहिए."